आईच्या पैशातून दुसरं घर घेताना

बाबा गेल्यानंतर वर्षभरात आईच्या नावावर ८५ लाखांच्या आसपास रक्कम जमली. बाबांचा फंड, ग्रॅच्युइटी, मुदत ठेवी आणि वाईजवळच्या जमिनीतला हिस्सा विकून आलेले पैसे. आम्ही दोघा भावंडांनी आमचा हक्क सोडला होता, त्यामुळे सगळं आईचं. दादा बेंगळुरूहून दर दोन दिवसांनी फोन करायचा, "पुण्यात एक फ्लॅट घेऊन टाकू. जागेतला पैसा कुठे जात नाही." मी कर्वेनगरला राहते, आई डहाणूकर कॉलनीत. हिशेबाच्या खात्यात नोकरी करत असल्यामुळे आकडे मांडायचं आणि हिंडायचं, दोन्ही कामं माझ्याकडे आली. ही २०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट.

आईचा प्रश्न एकच होता. "मला दर महिन्याला हातात पैसे येतील का? तुमच्याकडे मागायला लागू नये एवढंच बघ."

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे दिसलं, ते गुंतवणूक म्हणून घर घेऊ बघणाऱ्या प्रत्येकानं कागदावर मांडून बघावं असं मला मनापासून वाटतं. कोथरूडमध्ये जुन्या इमारतीतला वन बीएचके तेव्हा आम्हाला ५८ लाखांना सांगितला जात होता. स्टँप ड्युटी, नोंदणी, वकील असं सगळं धरून ६२ लाख. भाडं १९ हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख २८ हजार. त्यातून मेंटेनन्स गेला, महापालिकेचा मिळकत कर गेला, भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहील असं धरलं, की उरतात पावणेदोन लाख. टक्केवारी काढली तर तीनाच्याही खाली. दुसरीकडे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के व्याज होतं आणि ३० लाखांपर्यंत पैसे ठेवता येत होते. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, वर्षाला २ लाख ४६ हजार. फ्लॅटच्या निम्म्याहून कमी रकमेत उत्पन्न जास्त, आणि गळकी टाकी, रंग, ब्रोकर यांतलं काहीच मागे नाही.

दादाला हा तक्ता पाठवला तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण किंमत वाढते त्याचं काय?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. भाडं दरवर्षी पाच-दहा टक्क्यांनी वाढतं, ठेवीचं व्याज आहे तिथेच राहतं. वीस वर्षांनी १९ हजारांचं भाडं १९ हजार असणार नाही. पण वाढलेली किंमत घर विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि ६७ वर्षांच्या बाईला औषधाचं बिल भरायला फ्लॅटचा कोपरा मोडून देता येत नाही. म्हणून पैशांची कामं आधी वाटून घेतली. ३० लाख पोस्टात, आईच्या महिन्याच्या खर्चासाठी. १० लाख बँकेत मुदत ठेवीत, दवाखान्यासाठी, ज्याला कुणी हात लावायचा नाही. उरलेले ४५ लाख घरासाठी, वर लागतील तेवढे मी कर्ज काढायचं. पहिल्या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर मी आईला घर घेऊ दिलं नसतं, दादा रागावला असता तरी.

पुढचा प्रश्न, बांधकाम चालू असलेलं घ्यायचं की तयार. दादाचा ओढा ताथवडे, पुनावळे भागाकडे होता. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं काम तेव्हा चालू होतं, २३ किलोमीटरची लाइन, ती सुरू झाली की भाव चढतील, असं त्याला त्याचे मित्र सांगायचे. आम्ही जाऊन आलो. सॅम्पल फ्लॅट झकपक होता. पलंग मात्र नेहमीच्या पलंगापेक्षा आखूड होता, मी टेप लावून बघितला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आज दोन लाख टोकन दिलंत तर हाच रेट धरून ठेवतो." मी त्याच्याकडून महारेराचा, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक घेतला आणि घरी आल्यावर वेबसाइटवर प्रकल्प उघडला. तिथे प्रकल्प पूर्ण करायची आधी दिलेली तारीख दिसते आणि नंतर वाढवून घेतलेलीही. या प्रकल्पाची तारीख एकदा पुढे गेलेली होती. किती फ्लॅटची नोंदणी झाली, जागेवर कुणाचं कर्ज आहे, कुठला दावा चालू आहे का, हेही तिथेच असतं. कार्पेट एरियाचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा, आकडा माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे तोंडपाठ करून जावं. एजंटकडेही महारेराची नोंदणी लागते, त्याचा क्रमांक मागायला संकोच करू नये.

पण ते घर आमच्यासाठी नव्हतंच. ताबा तीन वर्षांनी, तोवर भाडं शून्य आणि कर्जाचं व्याज चालू. वर ५ टक्के जीएसटी, जो कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेल्या तयार घराला लागत नाही. माझ्या वयाच्या, दोन पगार असलेल्या जोडप्यानं ती जोखीम जरूर घ्यावी. आईच्या पैशातून घेणं मला पटत नव्हतं. दादालाही शेवटी पटलं.

तयार घरं बघताना मी आईची मुलगी म्हणून बघायचं सोडलं आणि तिथे राहायला येणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघायला लागले. सकाळी साडेआठला इथून कामावर कसं जायचं? नळाला पाणी किती वाजता येतं? रात्री दहाला बसस्टॉपवरून घरापर्यंत दिवे आहेत का? गुंतवणूकवाले लोक चौरस फुटाचा भाव विचारतात. भाडेकरू हे विचारतात, आणि वर्षभर पैसे तेच देतात.

वाघोलीत मोठ्या सोसायटीतला टू बीएचके कोथरूडच्या वन बीएचकेच्या भावात मिळत होता. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, सगळं होतं. वॉचमनच्या केबिनमध्ये सही करताना शेजारी एक जाड रजिस्टर दिसलं. तारीख, गाडीचा नंबर, लिटर, वेळ, सही, असे रकाने. मी विचारून ते चाळलं. मे महिन्यातलं एकेक पान एकाच दिवसाच्या टँकरनं भरलेलं होतं. सकाळी सहापासून ओळीनं नोंदी, बहुतेक दहा हजार लिटरच्या. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण त्या सोसायटीचं पाणी अजून चाकांवरूनच येत होतं. हा सगळा खर्च मेंटेनन्समध्ये पडतो आणि तिथला मेंटेनन्स भाड्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतका होता. पुण्यात फ्लॅट बघायला जाल तर एप्रिल-मे महिन्यात जा आणि हे रजिस्टर मागा. नाही म्हणाले तर तेही उत्तरच समजा.

सिंहगड रस्त्याचा विषय आईनंच बाजूला ठेवला. त्याच वर्षी जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले होते आणि पाण्याची चर्चा घराघरात झाली होती. तो भाग कायमचा वाईट असं मी म्हणणार नाही, पण त्या उन्हाळ्यात भाडेकरूही तेच विचारत होते.

आणखी एक जागा मी प्रत्येक इमारतीत बघितली. पार्किंगमधली विजेच्या मीटरची भिंत. महावितरणची बिलं तिथे मीटरच्या वर खोचलेली असतात. एका इमारतीत दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची बिलं तशीच पडलेली, कडा पिवळ्या झालेल्या. याचा अर्थ तेवढे फ्लॅट रिकामे. खाली उभा असलेला एजंट मात्र सांगत होता, "इथे भाडेकरूंची रांग आहे." दुसऱ्या इमारतीत एकही बिल शिल्लक नव्हतं, सगळ्यांनी उचलून नेलेली. घराच्या जुन्या मालकाकडून वर्षभराची वीजबिलं मागून घेतली तर त्या घरात माणूस राहत होता की नाही हे युनिटवरून कळतं. ब्रोकरपेक्षा मीटरवर माझा जास्त विश्वास बसला.

ती दुसरी इमारत कोथरूडची. वनाज मेट्रो स्टेशन पायी दहा-बारा मिनिटांवर. हा मार्ग २०२२ मध्ये गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाला आणि २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोचला, म्हणजे कल्याणीनगर, येरवड्याला नोकरी करणारी व्यक्तीही आता कोथरूडमध्ये राहू शकते. भाडेकरूंचं क्षेत्र केवढं वाढलं! दुसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ४४० चौरस फूट, दोन वेळा महापालिकेचं पाणी. घर साधं, पण खिडक्या दोन्ही बाजूंना. हेच घ्यायचं ठरलं.

कागदपत्रांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा, अशी करारांची साखळी पूर्ण हवी. प्रत्येक कराराची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला उतारा, हवी. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढून दिला. घरावर बँकेचा बोजा होता तो फिटल्याचं पत्र मागितलं. महापालिकेचं भोगवटापत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, बघितलं. ते नसलेल्या घराला बऱ्याच बँका कर्जच देत नाहीत, म्हणजे उद्या आपल्याकडून घेणाऱ्यालाही मिळणार नाही, आणि रोखीनं घेणारा भाव पाडून मागतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेतला.

आणि कन्व्हेयन्स. हे लोक विचारत नाहीत आणि जुन्या घराचं मोल इथेच ठरतं. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर करून देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज तरी केला आहे का? कोथरूडमध्ये गल्लोगल्ली इमारती पाडून नव्या होत आहेत आणि प्रत्येक विकणारा कानात सांगतो, "रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, दुप्पट होतील." जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर ती चर्चा वर्षानुवर्षं चर्चाच राहते. समोरच्या रस्त्याची रुंदीही विचारावी. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे बाहेरून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही आणि बिल्डर फिरकत नाही. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं होतं, रस्ता नऊ मीटरचा होता. तरी रिडेव्हलपमेंटचा एक रुपयाही मी हिशेबात धरला नाही. झालं तर त्या काळात भाडेकरू उठवावा लागेल आणि बिल्डर देईल त्या भाड्यावर भागवावं लागेल, एवढं आईला समजावून ठेवलं.

घर कुणाच्या नावावर करायचं यावर घरात बराच खल झाला. दादाचं मत, तिघांच्या. मी आई आणि मी असा आग्रह धरला, त्यामागे दोन कारणं होती. कर्ज माझ्या पगारावर मिळणार होतं, आणि बँक सहमालकाला बाहेर ठेवत नाही, म्हणून आईचीही सही सह-अर्जदार म्हणून लागणारच होती. तिघं झालो की प्रत्येक सहीला दादाला बेंगळुरूहून बोलवा. दुसरं कारण रोख पैशांचं. पुण्यात स्टँप ड्युटी, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आणि मेट्रो सेस मिळून ७ टक्के पडतात. खरेदीदार सगळ्या महिला असतील तर १ टक्का सवलत आहे. एक जरी पुरुष नावात आला तरी ती जाते. ५८ लाखांवर ते ५८ हजार होतात. दादाला हे सांगितल्यावर तो हसून म्हणाला, "मग माझं नाव मृत्युपत्रात घाला." तसंच केलं, ते पुढे येईल. करारात आईचा हिस्सा ७० टक्के आणि माझा ३० असा स्पष्ट लिहून घेतला. भाड्यावरचा कर त्याच प्रमाणात लागतो. मिळकत कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, माझ्या हिश्शातून कर्जाचं व्याजही जातं. नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, त्यामुळे "कर्ज काढा, टॅक्स वाचेल" हा जुना सल्ला आता तपासून घ्यावा.

नोंदणीच्या दिवशीचं सांगण्यासारखं थोडंच. स्टँप ड्युटी करारातली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरानं येणारी किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर लागते. १ एप्रिलपासून रेकनरचे दर वाढले होते, तरी आमची किंमत वरच होती. ३ लाख ४८ हजार स्टँप, ३० हजार नोंदणी फी. घर ५० लाखांच्या वर असल्यामुळे विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायची जबाबदारी खरेदीदाराची असते. विकणारे नवरा-बायको दोघं, घेणाऱ्या आम्ही दोघी, म्हणून २६ क्यूबी फॉर्म चार भरावे लागले. हे आधी ठरवून विकणाऱ्यांना सांगून ठेवावं, नाहीतर चेकच्या रकमा ऐन वेळी जुळत नाहीत. आईनं अंगठा देताना यंत्रावर तीन-चारदा बोट घासलं. भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. तिथल्या मुलीनं न कंटाळता ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसून दिली आणि ठसा उमटला.

घर रंगवून झालं आणि भाडेकरूंचा विषय निघाला. दोन मुली आल्या, एक एरंडवण्यात लॅबमध्ये, दुसरी कल्याणीनगरला ऑफिसात. १९ हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, दोघींनी कागद नीट आणले होते. सोसायटीच्या चेअरमनकाकांनी मात्र सांगितलं, "आमच्याकडे फॅमिलीच लागते." उपविधी काय सांगतात ते मी वाचून गेले होते. घर भाड्यानं देताना सोसायटीला कळवायचं, कराराची आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जो आकार लावते तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, हेही शासनानं २००१ पासून ठरवून दिलेलं आहे. पण कागद पुढे करायची वेळ आली नाही. आईच बोलली. "भाऊ, माझी लेक लग्नाआधी नाशिकला नोकरीला होती, अशीच दुसऱ्या मुलीबरोबर राहायची. कुणीतरी जागा दिली म्हणून तिची नोकरी टिकली. या मुलींची जबाबदारी माझी." काका दोन दिवसांनी हो म्हणाले.

लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा केला आणि ऑनलाइन नोंदवला. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, आधार आणि अंगठा, झालं. स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज मिळवून. आमची साडेपाचशेच्या आत बसली, नोंदणी फी एक हजार. एवढ्याशा पैशासाठी लोक नोटरीवर भागवतात हे मला कळत नाही. महाराष्ट्रात हा करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवला नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. महापालिकेच्या मिळकत करात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते. भाड्यानं दिलं की ती जाते. जुन्या मालकाच्या बिलावर ती सवलत होती, म्हणून पुढच्या वर्षीचं बिल मोठं येणार हे आईच्या वहीत आधीच लिहून ठेवलं.

भाडं आईच्या खात्यात येतं. त्यातला माझा हिस्सा मी तिच्याकडेच राहू देते, १८ लाखांच्या कर्जाचा हप्ता मात्र मी माझ्या पगारातून भरते. भाड्यातून हप्ता भागवायचा ठरवलं असतं तर घर रिकामं राहिलेल्या महिन्यात माझी झोप उडाली असती.

दिवाळीत दादा आला तेव्हा मृत्युपत्र केलं. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव लागलं होतं आणि दादाला वाटत होतं की म्हणजे घर माझं झालं. वकिलांनी समजावलं की नॉमिनी फक्त वारसांच्या वतीनं सांभाळणारा, मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. आईनं तिच्या ७० टक्क्यांतले ५० दादाला आणि २० मला लिहिले, म्हणजे शेवटी दोघांना निम्मं-निम्मं. मी भरलेल्या कर्जाचं काय, हे तिनं स्वतःहून विचारलं आणि घर विकलं तर आधी ती रक्कम मला मिळावी असं एक कलम घालून घेतलं. दोन साक्षीदारांसमोर सही केली. नोंदणी बंधनकारक नसते, तरी आम्ही करून घेतली, आणि एक प्रत दादा बेंगळुरूला घेऊन गेला.